ज्याच्या हातात फुटली त्याची

आपा, तुझ्या माघारी ही वही आज पहिल्यांदा उघडली. बीडच्या महिला मदत केंद्रातल्या ताईंनी दिलेली हीच ती वही. कोर्टाला वेळ लागतो, आठवतंय तसं लिहून ठेवा, असं त्या म्हणाल्या होत्या. मी म्हणाले, चौथी शिकलेली बाई काय लिहिणार? तेव्हा तू माझ्या वतीनं बोललीस, "लिहील की. न लिवायला काय झालं? मी शाळंचं तोंड बघितलं न्हाई तरी माझी बडबड थांबती का?" पुढची पानं त्या गोष्टीनं भरली. ही मागची पानं तुझी.

परवाच्या तारखेचं सांगायचंय. पण आधी आपलं भांडण मिटवते. ते माझ्या छातीवर धोंड्यासारखं बसलंय.

तू गेलीस त्या दुपारी मी आईला जेवायला वाढत होते. शबाना धावत आली. तुझी सून असून तिला तुझं नाव नीट घेता येईना. दुपारची नमाज पढून आडवी झालीस आणि उठली नाहीस, एवढंच कळलं. मी आले. तुझ्या हातात बांगडी नव्हती. जन्मभर बायांचे हात भरणाऱ्या बाईचे हात एवढे मोकळे मी आधी कधी नीट पाहिले नव्हते. तुझी बोटं पाहिली. अंगठ्याच्या कडेला काचेनं कापल्याच्या बारीक रेघा होत्या. मला तुझे पाय धरून माफी मागायची होती. घरात तुझ्या बहिणी, भाच्या, गल्लीतल्या बाया. मी भिंतीला लागून उभी राहिले. तुला माहीत आहे, चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी मात्र फुटला होता, आणि नको तो फुटला.

तू बाजारात चिंचेखाली बसायचीस ना, तिथूनच सुरू करते. तुझ्यापुढं हात केला की तू आधी हात दाबून बघायचीस, अंगठा आत मुडपायचीस, साबणाचा हात फिरवायचीस आणि गप्पा मारता मारता बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. "मंगल, तुझा हात सव्वादोनचा. लेकराचा हात हाय तुझा." भरताना एखादी फुटली की बाया कळवळायच्या, पैसे द्यायला बघायच्या. तू घ्यायची नाहीस. "ज्याच्या हातात फुटली त्याची. माझ्या हातात फुटली, माझी. घरी जाऊन भांड्यावर आपटून फोडलीस तर तुझी." बाजारातल्या सगळ्या बायांना तुझा हा नियम पाठ होता. त्यात एवढं काही भरलंय, हे तेव्हा कुणाला माहीत!

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बाजाराला मी आपणहून बांगड्या भरायला आले नव्हते. आईनं पाठवलं. आईला डोळ्यांनी धड दिसत नाही. ती मला बांगड्यांच्या आवाजानं ओळखायची. आठ दिवस झाले, माझे हात मोकळे, आणि मी घरात हलले की ती दचकून विचारायची, "कोण हाय?" मी म्हणायचे, "मी हाय गं." शेवटी ती वैतागली. "जा बाई, आपाकडून हात भरून ये. भुतासारखी फिरू नको घरात."

मी बाही ओढून हात पुढं केला. तू बाही मागं सारलीस. मनगटावर चार बोटांचा काळा-पिवळा वळ होता.

"कशानं झालं गं?"

"पडले."

तू माझ्या तोंडाकडं बघितलंच नाहीस. मनगट हातात धरून हळूच म्हणालीस, "चाळीस वर्षं बायांचे हात धरतीया मी. पडल्याचा वळ येगळा, पकडल्याचा येगळा." आणि लगेच मागं बसलेल्या बायांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "सव्वादोनच्या संपल्या बघ! घरी हायत. चल, घरी देते. शबाना, पेटीकडं बघ गं." पेटीत सव्वादोनच्या हिरव्या बांगड्यांची आख्खी माळ मला समोर दिसत होती. आपा, तू त्या दिवशी धडधडीत खोटं बोललीस. त्यानं माझी बाजारात होणारी शोभा टळली.

तुझ्या घरी तू चहा केलास. काही विचारलं नाहीस. मीच सांगितलं. भुसार दुकानाच्या गोदामात आम्ही पाच-सहा बाया तूर-हरभरा निवडायला जायचो. त्या दिवशी बाकीच्या पाणी प्यायला गेल्या होत्या. तिथला कारभार बघणारा तो माणूस आत आला आणि त्यानं दार लोटलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, ही पानं तुझी आहेत. पुढचं तुला माहीत आहे, पुढच्या पानांत आहे. तू ऐकताना एकदाही "मग तू वरडली कावून न्हाईस?" असं विचारलं नाहीस. पुढं ते पुष्कळांनी विचारलं.

तू फक्त एक विचारलंस, "बांगड्या?"

"फुटल्या."

"कुणाच्या हातात फुटल्या?"

मला कळलं नाही. तू माझं मनगट उचलून माझ्याच डोळ्यांपुढं धरलंस. "कुणाच्या हातात फुटल्या, मंगल?"

"त्याच्या."

"मग नुकसान कुणाचं? लाज कुणाची?"

मी आठ दिवसांत पहिल्यांदा रडले. तुझा चहा गार झाला. तू तो तसाच पिऊन टाकलास.

बीडला जाणाऱ्या यष्टीत मी तुला दहा वेळा तरी म्हणाले असेन, परत फिरू. केंद्रात तुझी एक गिऱ्हाईक बाई कामाला होती, तिनं आपल्याला ताईंपुढं बसवलं. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या पोलीस येणार, सह्या घेणार. ताईंनी तसं काही केलं नाही. सावकाश सांगितलं. पोलिसांत तक्रार देता येईल. कामाच्या जागी झालंय, म्हणून कलेक्टर कचेरीतल्या समितीकडंही देता येईल, ती मात्र तीन महिन्यांच्या आत. दोन्हीही करता येतील. नुसतं डॉक्टरला दाखवायचं असलं तर तेही, आणि त्याला पैसा लागत नाही. वकीलही सरकार फुकट देतं. "आजच ठरवा असं नाही. पण जेवढं लवकर, तेवढं बरं."

तुला कुठला दम! "आत्ताच लिवा की हो. इचारायचं काय त्यात?"

ताई हसल्या. म्हणाल्या, "आपा, हे तुमचं नाही, तिचं आहे. तिला ठरवू द्या."

तू तोंड मिटलंस. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणालीस, "लई शानी पोरगी हाय. चाळीस वर्षांत मला गप करणारी हीच पहिली." आणि हसलीस. मलाही हसू आलं. तशा दिवशीसुद्धा आपण दोघी हसलो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आपल्या गावच्या ठाण्यात जायला मी तयार नव्हते. तिथं सगळे ओळखीचे, चहावाल्यापासून. मला वाटलं, झालं, इथंच अडणार. ताई म्हणाल्या, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग ते कागद जिथले तिथं पाठवतात. मला हे माहीतच नव्हतं. तुलाही नव्हतं. ठाण्यात लिहून घ्यायला बाई होती. माझा आवाज एवढा बारीक की तिला खुर्ची पुढं ओढावी लागली. मी खाली मान घालून म्हणाले, "माझी चूक झाली. मी घरी जाऊन आंघोळ केली. साडी धुतली. दोनदा धुतली." मला वाटलं, ती आता कागद मिटणार.

ती म्हणाली, "सगळ्याच बाया धुतात, ताई. तेवढ्यानं केस जात नाही. सांगा पुढं."

तेव्हा तू मधेच विचारलंस, "तुकडे कुठं टाकलेस गं?"

पोलीसबाईला वाटलं, ही म्हातारी भलतंच काय विचारते. पण तुला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडं फुटलेली बांगडी कुणी वाटेत टाकत नाही. काच पायाखाली येऊ नये, सवाष्णीचं लेणं तुडवलं जाऊ नये. मी तसल्या वेळीसुद्धा गोदामातले तुकडे पदरात गोळा केले होते. माझी बुद्धी जाग्यावर नव्हती, पण हाताला सवय होती. घरी येऊन ते तुळशीच्या बुडाशी ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तुळशीतून अकरा तुकडे निघाले. गोदामात पोत्यांच्या फटीत तसलेच आणखी दोन. तू ते कागदावर पसरलेले बघितलेस आणि म्हणालीस, "माझ्याच. पोळ्याच्या बाजारात भरल्यात. ह्या हिरव्यावर ही सोनेरी रेघ दुसऱ्या कुणाकडं न्हाई." तुझं नाव साक्षीदारांत लागलं. तू अंगठा उठवलास आणि शाई ओढणीला पुसलीस.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं दर वेळी विचारूनच हात लावला. मॅजिस्ट्रेटबाईंपुढं जबाब झाला, तेव्हा त्यांनी पोलिसांनासुद्धा बाहेर काढलं, तुलाही काढलं. दाराबाहेर तुझी कुरकुर मला आत ऐकू येत होती. ती ऐकत ऐकत मी सगळं सांगितलं.

एवढं सगळं तू केलंस. मग भांडण कशावरून झालं? दोन गोष्टींवरून.

पहिली, माझे हात. तू दर बाजारी म्हणायचीस, ये, भरते. मी म्हणायचे, निकाल लागल्यावर भरीन. तू चिडायचीस. "निकाल लागंल तवा लागंल. कोर्टाचं काय, वरीस लागंल, दोन लागतील. तवर हात कावून मुका ठेवतीस? तू बोललीस की भरायचे. निकाल त्यांचा, बोलणं तुझं." मी ऐकलं नाही. दोन वर्षं आई दचकत राहिली.

दुसरी गोष्ट मोठी. तो जामिनावर सुटला. तारखा पडत गेल्या. माझा भाऊ नामदेव एक दिवस घरी आला आणि खाली बघत म्हणाला, "माणसं आलती. मिटवा म्हणतेत. आपल्याला इथंच ऱ्हायचं हाय, मंगल." नवऱ्यानं टाकलेली बहीण त्यानंच सांभाळली. मी त्याला काय बोलणार? मी हो म्हणाले.

तुला कळलं, तशी तू बांगड्यांची पेटी घेऊनच आलीस. बसलीसुद्धा नाहीस. "सरकारनं दिलेली वकीलबाई काय म्हनली होती? असला गुन्हा चार माणसांत बसून मिटत न्हाई, कायद्यातच न्हाई तसं. ते तुला कोर्टात उलटं बोलायला लावत्याल. तू खोटी ठरशील, बये!"

आणि मी, जी कधी मोठ्यानं बोलत नाही ती, तुझ्यावर ओरडले. "तुझं काय जातं गं? हात माझा, अब्रू माझी. तुझं काय जातं?"

तू पेटी कमरेवर घेतलीस आणि गेलीस. नंतर दोन बाजार मी चिंचेकडं फिरकले नाही. तिसऱ्या बाजाराच्या आधीच तू गेलीस.

तुझं काय जात होतं, ते शबानानं तुझ्या दहाव्याला सांगितलं. तुझं नाव साक्षीत आल्यापासून मोठ्या घरांनी तुला लग्नाच्या बांगड्या भरायला बोलावणं बंद केलं होतं. ज्या घरांत तू आजीचे, आईचे, लेकीचे हात भरलेस, तिथं नवरीचे हात दुसरीच कुणी भरून गेली. आपा, दोन वर्षांत तू एका शब्दानं बोलली नाहीस. मी विचारलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा सांगितलं असतंस तर मी जमिनीत गेले असते, म्हणून नाही सांगितलंस ना? मला तसंच वाटतं. आता विचारायला तू नाहीस.

शबानानं आणखी एक दाखवलं. तुझ्या पेटीच्या तळाशी पेपरात गुंडाळलेल्या डझनभर बांगड्या. सव्वादोनच्या, हिरव्या, सोनेरी रेघेच्या. "अम्मी म्हनली होती, ह्या कुणाला द्यायच्या न्हाईत. मंगल बोलून आली की तिला भरायच्या." मी विचारलं, कधी म्हणाली? ती म्हणाली, "तुमचं भांडण झालं ना, त्याच रातच्याला."

मी तुला सोडलं असं मला वाटत होतं. तू तर मला सोडलंच नव्हतंस.

घरी येऊन मी नामदेवला सांगितलं, "मी मिटवणार न्हाई. तुला जड जात असंल तर मी आईला घेऊन येगळी ऱ्हाते." तो उठून बाहेर गेला.

वकीलबाईंकडं गेले, तर त्यांनी दुसरंच सांगितलं. तुझी साक्ष कोर्टात व्हायची राहिली होती. आता ती होणार नाही. तू ओळखलेले तुकडे आहेत, पण ते ओळखणारी नाही. मी म्हणाले, "मग संपलं?" त्या म्हणाल्या, "नाही. बाईची एकटीची साक्ष खरी वाटली तर तेवढ्यावरही कोर्ट निकाल देऊ शकतं. पण मंगलताई, आता सगळा भार तुमच्या बोलण्यावर आहे." माझ्या बोलण्यावर! आपा, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

परवा सकाळी स्टँडवर गेले, तर नामदेव आधीच यष्टीच्या दारात उभा. म्हणाला, "मी भाईर बसंन. आत न्हाई येणार. पर हाय मी." बीडला उतरल्यावर मला उसाचा रस पाजला.

कोर्टाचं दार बंद केलं होतं. बघे नाहीत, गर्दी नाही. केंद्रातल्या ताई माझ्या मागं बसल्या. मधे पडदा लावला होता, त्यामुळं तो मला दिसत नव्हता. पण तो खोकला. त्या दिवशी दार लोटताना खोकला होता, तसाच. सरकारी वकिलांनी नाव विचारलं, ते मला सांगता येईना. जजबाई म्हणाल्या, "पाणी घ्या. घाई नाही." मी पेला उचलला, आणि माझी नजर माझ्याच मनगटावर गेली. वळ कधीच गेलाय. पण तू ते जिथं धरलं होतंस ती जागा मला कळते. मी नाव सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

त्याच्या वकिलानं उलट विचारलं. "आठ दिवस गप्प का बसलात?" मी म्हणाले, "हात धरून विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. भेटलं तशी बोलले." मग त्यानं नवऱ्यानं का टाकलं, ते काढलं. जजबाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, असले प्रश्न इथं चालणार नाहीत. शेवटी तो हसत हसत म्हणाला, "बाई, बांगड्या काय, घरकामात फुटतात. तुमच्या तुम्हीच फोडल्या असतील."

आपा, मी खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. मला तुझी चिंच दिसली, पेटी दिसली.

मी म्हणाले, "न्हाई साहेब. माझ्या हातून फुटल्या असत्या तर नुकसान माझं. मी गप बसले असते. ह्या त्यानं फोडल्या. ज्याच्या हातात फुटली त्याची."

जजबाईंनी मान वर केली. "म्हणजे काय?"

मग मी सांगितलं. बांगड्या भरणाऱ्या बाईचा नियम काय असतो, भरताना फुटली तर ती पैसे का घेत नाही, आणि तू मला काय विचारलं होतंस. एवढं लांब मी कोर्टात काय, घरातसुद्धा कधी बोलले नव्हते. आवाज बारीकच होता. पण सगळे थांबले होते, म्हणून ऐकू गेला. जजबाईंनी टायपिस्टला सांगितलं, "त्यांच्याच शब्दांत घ्या." तू अंगठेबहाद्दर, आणि तुझं वाक्य सरकारी कागदावर चढलं.

निकाल लागायचा आहे. वकीलबाई म्हणतात, चांगलं झालं, पण आताच काही सांगता येत नाही. मी विचारलंही नाही फार. ताईंनी निघताना एवढंच सांगितलं, की त्याच गोदामातली एक बाई गेल्या आठवड्यात केंद्रात येऊन बसली होती. काही बोलली नाही, चहा पिऊन गेली. परत येईल. तिच्याबरोबर यायला कुणी लागलं तर मला सांगा, असं मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

आज बाजार होता. मी चिंचेखाली गेले आणि शबानापुढं हात केला. तिनं विचारलं नाही, पेपराची पुडी काढली. तिचा हात अजून तुझ्यासारखा बसलेला नाही, साबण जास्त लावते. चौथी बांगडी चढवताना कट्टकन फुटली. तिचं तोंड उतरलं. तुझ्या हातच्या मोजक्याच त्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझी हो. माझ्या हातात फुटली." आणि तसलीच दुसरी शोधून भरली. भरून झाल्यावर मी वाकून तिला नमस्कार केला. ती तुझ्याहून लहान, माझ्याहूनही लहान, लाजली. पण बांगड्या भरणाऱ्या हाताला नमस्कार करायचाच असतो. तुला मी किती वेळा केला असेल, सवयीनं, न बघता. आजचा बघून केला.

फुटलेले तुकडे मी पदरात बांधून घेतले. तुमच्या कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर कडुनिंब आहे, त्याच्या बुडाशी ठेवले. आत आले नाही. तिथूनच म्हणाले, आपा, बोलून आले.

आता ओसरीवर बसून हे लिहिते आहे. ओळ संपवून हात पुढच्या ओळीवर नेला की बांगड्या वहीवर वाजतात. आत आई खाटेवर पडलीय. मघाशी तिनं कूस बदलली, कान दिला, आणि म्हणाली, "मंगल, आलीस व्हय गं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं "कोण हाय?" असं विचारलं नाही.

"आले," मी म्हणाले.